एव्हरेस्ट बेस कॅम्पची वाट: गर्दी कुठे तुंबते, कुठे विरते आणि मुक्काम कसे आखावेत

दिवाळीच्या सुट्टीत एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालेल्या माणसाला मी आधी विचारतो, तारखा ठरल्या, पण मुक्काम ठरलेत का? उत्तर बहुतेकांकडे तयार असतं, कारण ते पत्रकात छापलेलंच असतं. फाकडिंग, दोन रात्री नामचे, टेंगबोचे, दोन रात्री दिंगबोचे, लोबुचे, गोरकशेप. पुण्याहून जाणाऱ्या गटाकडे ही यादी असते, तशीच ती लंडनहून किंवा सिडनीहून येणाऱ्या गटाकडेही असते. म्हणजे वाटेच्या सुरुवातीच्या लुक्ला विमानतळावर एका सकाळी उतरलेली माणसं पुढचे आठ दिवस एकाच गावात झोपतात, एकाच वेळी निघतात, एकाच टपरीवर जेवतात आणि एकाच चढावर एकमेकांच्या पाठीला पाठ लावून चालतात.

या वाटेवर वर्षाकाठी पन्नास हजारांच्या वर परदेशी पाहुणे येतात, त्यात आपण भारतीयही आलो. तरीही गर्दी सगळीकडे सारखी नसते. काही टप्पे ऑक्टोबरातही शांत असतात आणि काही ठिकाणी जेवणघराच्या बाकांवर अंथरूण टाकायची वेळ येते. हा फरक समजला की चालण्याचा वेग न वाढवता, एखाददुसरा मुक्काम इकडेतिकडे सरकवून बरीचशी गर्दी टाळता येते. वेग वाढवून ती टाळायला जाऊ नये, हे मी आधीच ठासून सांगतो. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, हा उंचीच्या सरावाचा नियम आहे. पुढचं सगळं या चौकटीत बसवूनच सांगतो.

आधी तारखा

सर्वांत जास्त गर्दी ऑक्टोबरात. त्याखालोखाल नोव्हेंबर आणि एप्रिल, मग मार्च. आपली अडचण अशी की दसरा-दिवाळीची सुट्टी नेमकी या शिखरावर येते आणि उन्हाळ्याची सुट्टी एप्रिल-मेच्या गर्दीवर. त्यात नेपाळचे दशैं आणि तिहार हे सणही आपल्या दसरा-दिवाळीच्याच दिवसांत असतात. दशैंला पोर्टर आणि गाईड घरी जातात, काठमांडूहून डोंगराकडे जाणाऱ्या बसगाड्या आणि जीप भरून वाहतात. त्या आठवड्यात पोहोचणार असाल तर पोर्टर आधीच ठरवून ठेवा. तिथे गेल्यावर बघू म्हटलं तर मिळेलच असं नाही.

रजा मिळत असेल तर नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा आणि डिसेंबरचा पहिला पंधरवडा ही माझी पहिली पसंती. आकाश स्वच्छ असतं, वाट मोकळी होत जाते. थंडी मात्र कडक. गोरकशेपला रात्री पारा शून्याखाली पंधरा अंशांपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो आणि बाटलीतलं पाणी खोलीतच गोठतं. मार्चचा पहिला पंधरवडाही चांगला, फक्त वरच्या टप्प्यात बर्फ असू शकतं.

एप्रिल-मेची गर्दी वेगळ्या जातीची असते. तेव्हा शिखरावर जाणाऱ्या मोहिमा बेस कॅम्पवर मुक्कामाला असतात. २०२३ च्या वसंतात नेपाळने एव्हरेस्टसाठी ४७० हून जास्त परवाने दिले होते. प्रत्येक गिर्यारोहकामागे शेर्पा, स्वयंपाकी, सामान वाहणारे आणि याक धरले तर वाटेवर किती वर्दळ होत असेल याचा अंदाज येतो. पण बेस कॅम्प खऱ्या अर्थाने 'कॅम्प' दिसतो तो याच दिवसांत. हिमनदीवर दूरवर पसरलेले पिवळे-केशरी तंबू पाहायचे असतील तर ही गर्दी सोसण्याजोगी आहे. ऑक्टोबरात तिथे दगड, बर्फ आणि फोटो काढणाऱ्यांची रांग यापलीकडे फारसं काही नसतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात मात्र लक्ष ठेवा: २९ मे रोजी बेस कॅम्पहून एव्हरेस्ट मॅरेथॉन सुटते, त्यामुळे आधीचे काही दिवस वरचे लॉज धावपटूंनी भरलेले असतात.

जिरी ते लुक्ला: सगळ्यांनी सोडून दिलेली वाट

लुक्लाची धावपट्टी १९६४ साली एडमंड हिलरींच्या पुढाकाराने बांधली गेली. त्याआधी सगळे खालूनच चालत येत. पुढे १९८० च्या दशकात जिरीपर्यंत रस्ता आला आणि जिरी हे चालायला सुरुवात करण्याचं गाव झालं. आज विमानाने येणाऱ्यांनी ही वाट जवळजवळ विसरून टाकली आहे. जिरी, शिवालय, भांडार, किंजा, सेते, ३,५३० मीटरची लामजुरा खिंड, जुनबेसी, ताकसिंदू, नुनथला, खारीखोला, पैया, सुर्के असे सहा ते आठ दिवस. ऐन ऑक्टोबरातही या भागात दिवसभरात मोजके ट्रेकर भेटतात. संध्याकाळी लॉजमध्ये तुम्ही एकटेच असू शकता आणि मग घरची मंडळी तुम्हाला चुलीपाशी बसवून दाल-भात वाढतात.

कष्ट मात्र खरे आहेत. नद्या उत्तर-दक्षिण वाहतात आणि वाट पूर्वेला जाते, म्हणून प्रत्येक नदीपर्यंत उतरायचं आणि समोरची डोंगररांग पुन्हा चढायची. किंजा १,६३० मीटरवर आहे आणि तिथून लामजुरा खिंडीपर्यंत १,९०० मीटरचा चढ, तो दोन दिवसांत विभागायचा. सह्याद्रीत वाढलेल्या पायांना हा चढउतार ओळखीचा वाटेल, आणि नामचेला पोहोचेपर्यंत शरीर इतकं तयार होतं की वरचे टप्पे हलके जातात. वेळ असणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः निवृत्त मंडळींनी, हा भाग मुद्दाम चालावा असं मला मनापासून वाटतं. जुनबेसीचं शेर्पा गाव आणि तिथून जवळचा थुप्तेन छोलिंग मठ एवढ्यासाठीही तो मोलाचा आहे.

दिवस कमी असतील तर मधला मार्ग आहे. काठमांडूहून जीपने सल्लेरी किंवा फाप्लूला यायचं आणि तिथून पुढे चालायचं. एक गोष्ट लक्षात घ्या: जीपचा कच्चा रस्ता खारीखोल्यापलीकडे सुर्केच्या दिशेने सरकत गेला आहे. त्यामुळे जुन्या वाटेचे काही तुकडे धुळीच्या रस्त्यात गेलेत. जीप कुठवर जाते हे पावसाळ्यागणिक बदलतं, ते सल्लेरीच्या जीपतळावर विचारून घ्यावं. नुनथलापासून पुढे माणसांची गर्दी नसली तरी खेचरांची असते, कारण लुक्ला आणि नामचेचं सिलिंडर, तांदूळ, सिमेंट याच वाटेने वर जातं.

सुर्केहून वर आल्यावर लुक्लात शिरायची गरज नाही. चौरीखर्कावरून थेट छेप्लुंगला निघालं की मुख्य वाट लागते. आठवडाभराच्या शांततेनंतर तिथली वर्दळ अंगावर येते, त्याची मनाची तयारी असू द्या.

लुक्ला ते नामचे: सर्वांत दाट टप्पा

या टप्प्यावरून सगळेच जातात. बेस कॅम्पचे, गोक्यो तळ्यांचे, तीन खिंडींचे, आमा दब्लम आणि आयलंड पीक या शिखरांचे, नुसते नामचेपर्यंत जाऊन परतणारे, वरून उतरणारे, शिवाय खुंबूत, म्हणजे एव्हरेस्टच्या पायथ्याच्या शेर्पा मुलखात, राहणाऱ्यांचं रोजचं येणंजाणं. लुक्लाला विमानं सकाळीच उतरतात, दुपारी वारा आणि ढग वाट अडवतात. मोसमात बरीचशी उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापजवळच्या मंथली विमानतळावरून होतात. त्यासाठी काठमांडूहून मध्यरात्रीनंतर गाडीने निघावं लागतं. हवामान बिघडून दोन-तीन दिवस उड्डाणं बंद पडली की माणसं मंथलीत साचतात, आणि हवा उघडल्यावर ती सगळी एकाच सकाळी लुक्लाला उतरतात. मग हा फुगवटा गावोगाव वर सरकत जातो. तुम्ही अशा सकाळी उतरला असाल तर एक करा: पहिल्याच दिवशी त्या लाटेच्या पुढे किंवा मागे व्हा.

पुढे व्हायचं तर फाकडिंगला न थांबता मोंजोपर्यंत चला. लुक्लाहून पाच-सहा तास लागतात. मोंजो २,८३५ मीटरवर आहे, त्यामुळे उंचीचं बंधन मोडत नाही. उलट फायदाच होतो: फाकडिंगहून नामचे गाठताना झोपण्याची उंची एका दिवसात आठशेहून जास्त मीटर वाढते, मोंजोहून सुमारे सहाशे. शिवाय सागरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशद्वार मोंजोलाच आहे. सकाळी पहिल्या अर्ध्या तासात तिथली नोंद उरकली की फाकडिंगहून येणारे गट परवान्याच्या रांगेत लागायच्या आत तुम्ही जोरसल्लेचा पूल ओलांडलेला असतो.

मागे व्हायचं तर फाकडिंगला थांबा, पण सकाळी सगळे साडेसातला निघतात तेव्हा तुम्ही नाश्ता करत बसा. नामचेचा चढ उन्हात चढावा लागेल, हा तोटा.

पुलांविषयी नीट वाचा, कारण इथे गर्दी धोक्याची होते. झुलत्या पुलावर समोरून खेचरं किंवा जोपक्यो (याक आणि गायीच्या संकराची जनावरं) येत असतील तर पुलावर पाय ठेवायचा नाही, ती उतरेपर्यंत थांबायचं. अरुंद वाटेवर जनावरं आली की नेहमी डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीही नाही. पाठीवरचं ओझं किती रुंद आहे हे जनावराला कळत नाही, एका धक्क्यात माणूस खाली जाऊ शकतो. फोटोसाठी दरीच्या कडेला उभे राहणारे दिसले तर हात धरून त्यांना आत ओढा, मराठी असोत वा कोरियन. आणि नाक-तोंडावर कापड हवंच. खेचरांच्या टापांनी उडालेली धूळ घशात गेली की खुंबूचा तो प्रसिद्ध खोकला शेवटपर्यंत सोडत नाही.

नामचे ३,४४० मीटरवर. लॉज भरपूर आहेत, त्यामुळे इथे खोली मिळते. शनिवारी हाट भरतो, म्हणून शुक्रवारी खालून येणाऱ्या वाटेवर माल वाहणारे जास्त असतात. सरावाच्या दिवशी सगळे सकाळी आठ-नऊला स्यांगबोचेच्या चढावर एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलकडे निघतात. तुम्ही सहा-साडेसहाला निघा. डोंगर सकाळी स्वच्छ दिसतात आणि ती गच्ची दोन तास तरी मोकळी असते.

तब्येत ठणठणीत असेल तर नामचेतली दुसरी रात्र खुमजुंगला काढता येते. ते ३,७९० मीटरवर आहे. हिलरींनी १९६१ साली सुरू केलेली शाळा तिथेच आहे, गाव मोठं आणि मोकळं आहे, आणि संध्याकाळी शेतांच्या दगडी कुंपणांमधून फिरताना पर्यटकांपेक्षा गावकरीच जास्त भेटतात. गटातल्या कुणाचंही डोकं दुखत असेल तर मात्र नामचेतच राहायचं.

नामचेच्या पुढे: वाटा फुटतात तिथे गर्दीही फुटते

क्यांगजुमाच्या पुढे गोक्योची वाट वेगळी होते आणि लगेच फरक जाणवतो. तरीही टेंगबोचे मात्र अरुंद नळी आहे. फुंकी टेंगाच्या पुलापर्यंत ३,२५० मीटरला उतरायचं आणि मग ३,८६० मीटरपर्यंत सरळ चढ, आणि वर मठाभोवती लॉज मोजकेच. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पौर्णिमेच्या सुमारास इथे मणि रिम्दू हा मुखवटानृत्यांचा उत्सव होतो, तेव्हा खोली मिळणं कठीण. उत्सव पाहायचाच असेल तर आधी सांगून ठेवा. नसेल तर मठात दुपारी चारच्या सुमाराची प्रार्थना ऐका आणि वीस मिनिटं उतरून देबोचेला झोपायला जा. जंगलातलं गाव आहे, वारा कमी, माणसं कमी.

याहून चांगला पर्याय फोर्त्से. क्यांगजुमाहून मोंग ला खिंडीकडे चढायचं ('ला' म्हणजे खिंड), पलीकडे दूधकोशीपर्यंत उतरायचं आणि ३,८१० मीटरवरच्या फोर्त्सेला मुक्काम करायचा. दुसऱ्या दिवशी दरीच्या वरच्या अंगाने कडेकडेची वाट थेट पांगबोचेला जाते. समोर आमा दब्लम, खाली दूर टेंगबोचेचा मठ, आणि वाटेवर तासातासात एखादा माणूस. एव्हरेस्टवर चढणारे अनेक नामांकित शेर्पा याच गावचे. अर्धा दिवस जास्त चालणं होतं, पण संपूर्ण ट्रेकमधला सर्वांत सुंदर दिवस कोणता असं विचारलं तर मी हाच सांगतो. पांगबोचेलाही ३,९८५ मीटरवर एक रात्र काढली तर पुढची उंची हळू चढते.

पुढे दिंगबोचे की फेरिचे? सरावाच्या दोन रात्रींसाठी बहुतेक सगळे दिंगबोचेला राहतात. फेरिचे शेजारच्या दरीत आहे, थोडं खाली, वारा जास्त, म्हणून लोक टाळतात. गर्दी नको असेल तर फेरिचे पत्करा. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना तिथे १९७३ पासून आहे आणि मोसमात दुपारी उंचीच्या आजारावर डॉक्टर माहिती देतात. ती प्रत्येकाने ऐकावीच. दिंगबोचेलाच राहणार असाल तर सरावासाठी सगळ्यांबरोबर वरच्या टेकडीवर न जाता चुखुंगच्या दरीत जाऊन या. चढ सौम्य आहे आणि ल्होत्से शिखराची भिंत समोर उभी असते.

लोबुचे आणि गोरकशेप: खरी अडचण इथे

लुक्ला-नामचेला माणसं जास्त, पण खोल्याही जास्त. लोबुचेला, ४,९४० मीटरवर, हिशेब बिघडतो. खालून बेस कॅम्पचे लोक येतात, पश्चिमेकडून चो ला ओलांडून गोक्योचे, पूर्वेकडून कोंगमा ला ओलांडून चुखुंगचे, शिवाय लोबुचे शिखरावर जाणारे. एवढ्या सगळ्यांसाठी लॉज थोडेच. गोरकशेप तर गावच नाही, ५,१६४ मीटरवरच्या वाळूच्या मैदानाकडेला चार-पाच लॉज. ऑक्टोबरात दुपारी तीननंतर पोहोचणाऱ्याला जेवणघरातच पथारी पसरावी लागते.

म्हणून या दोन रात्रींचं बुकिंग आधी करायचं, बाकी कुठलं नाही केलं तरी चालेल. नामचेच्या किंवा दिंगबोचेच्या लॉजमालकाला सांगितलं तर तो फोन करून खोली धरून ठेवतो. तिथे नातीगोती आणि ओळखी चालतात. त्या बदल्यात एकच अपेक्षा असते: झोपाल तिथेच जेवायचं. खोलीचं भाडं नावापुरतं असतं, लॉज चालतो जेवणावर.

गर्दी चुकवायला तीन मार्ग आहेत.

पहिला: थुक्लाला, ४,६२० मीटरवर, एक रात्र काढायची. तिथे मोजकेच लॉज असले तरी बहुतेक लोक जेवून पुढे जातात. सकाळी लवकर निघालात की गिर्यारोहकांच्या स्मृतिस्तंभांची खिंड तुम्हाला निवांत मिळते. दुपारी तिथे झुंबड असते. त्या जागी शांतपणे उभं राहता यावं, एवढ्यासाठीही हा मुक्काम मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरा: लोबुचेहून पहाटे पाच-साडेपाचला निघून आठ-साडेआठपर्यंत गोरकशेप गाठायचं, सामान टाकायचं आणि लगेच बेस कॅम्पकडे निघायचं. लोबुचेचे बाकीचे गट गोरकशेपला दहा-अकराला येतात आणि जेवून निघतात. तोवर तुम्ही परतीला लागलेले असता.

तिसरा: गोरकशेपला झोपायचंच नाही. लोबुचेला दोन रात्री आणि मधल्या दिवशी बेस कॅम्प करून परत. हा नऊ-दहा तासांचा दिवस आहे, ज्यांचा सराव उत्तम झालाय आणि आदल्या रात्री नीट झोप झालीय त्यांच्यासाठीच.

एव्हरेस्ट पाहायला गोरकशेपहून चढतात त्या कालापत्थरबद्दलचा सल्ला बहुतेक गाईड उलटा देतात. पहाटे चारला अंधारात टॉर्चची माळ चढत जाते, हातपाय बधिर होतात आणि सूर्य उगवतो एव्हरेस्टच्या मागून, म्हणजे शिखराची आपल्याकडची बाजू सावलीत. संध्याकाळी उलट होतं. मावळतीचा प्रकाश थेट शिखरावर पडतो, रंग केशरी होत जातो, आणि वर थोडीच माणसं असतात. नोव्हेंबरमध्ये दुपार बऱ्याचदा स्वच्छ राहते. ढग असतील तर बेत पहाटेवर टाका. संध्याकाळी चढणार असाल तर प्रत्येकाकडे हेडटॉर्च हवा, सोबती हवा आणि उतरताना घाई नको.

सकाळभर इथे हेलिकॉप्टरचा आवाज असतो, त्याला इलाज नाही. उतरायचा कंटाळा आला म्हणून हेलिकॉप्टर बोलावणारे वाढलेत, याचं मला वाईट वाटतं. ज्याच्या फुप्फुसात पाणी झालंय त्याच्यासाठी ते यंत्र जीव वाचवणारं आहे.

गोक्योमार्गे परत

ज्यांच्याकडे चार-पाच दिवस जास्त आहेत त्यांनी आल्या वाटेने उतरू नये. लोबुचेहून झोंगला, ५,४२० मीटरची चो ला खिंड, थगनाक आणि गोक्यो. तळ्याकाठी ४,७९० मीटरवरचं गोक्योही आता भरतं, पण मुख्य वाटेच्या मानाने कमी. तिथून रेन्जो ला ओलांडून ठामेला उतरलं की पुन्हा शांतता. ऑगस्ट २०२४ मध्ये वरच्या हिमतलावांचं पाणी फुटून ठामेचं मोठं नुकसान झालं. तिथे मुक्काम करणं म्हणजे गावाला थेट हातभार लावणं. चो लावर हिमनदीचा तुकडा ओलांडावा लागतो, म्हणून पायाला लावायचे मायक्रोस्पाइक्स आणि वाट माहीत असलेला माणूस सोबत हवा.

आल्या वाटेने उतरणार असाल तर सकाळी लवकर निघा. साडेनऊनंतर वर येणाऱ्यांची रांग सुरू होते, आणि चढणाऱ्याला वाट द्यायची असते.

परतीच्या विमानासाठी काठमांडूच्या पुढच्या तिकिटाआधी निदान दोन, जमल्यास तीन दिवस मोकळे ठेवा. नोव्हेंबर २०११ मध्ये हवा बिघडली तेव्हा दोन हजारांहून जास्त पर्यटक लुक्लात अडकून पडले होते. एखाद्या दिवसाची उड्डाणं रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी आधी त्या दिवसाचे तिकीटवाले जातात, मग आदल्या दिवशी राहिलेले. म्हणजे दोन दिवस बंद पडलं की रांग नुसती लांबत नाही, तुम्ही तिच्या शेवटी जाता. अशा वेळी तिसरा दिवस वाट बघत बसण्यापेक्षा सामान बांधून सुर्केकडे उतरा. पुढे जीप मिळेल तिथून सल्लेरी आणि सल्लेरीहून काठमांडू, रस्ता चालू असेल तर दोन दिवसांत होतं. जीपमध्ये पुढची सीट मागून घ्या, आणि वाटेतल्या खर्चासाठी नेपाळी रुपये रोख ठेवा. सुर्केपासून सल्लेरीपर्यंत एटीएमच्या भरवशावर राहू नका.